वस्तीने सांभाळलेली कला: परभणीतून आंबेडकरी शाहिरीचा आढावा

नाट्यगृह, छापखाना, आकाशवाणीचे केंद्र आणि चित्रांचे दालन यांपैकी काहीही ज्यांच्या हाती नव्हते, त्यांनी आपली कला उभी कशी केली आणि ती नव्वद वर्षे टिकवली कशी? मराठवाड्यातल्या आंबेडकरी गाण्याकडे पाहताना हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. जलसा, भीमगीत, कव्वालीचा सामना, जात्यावरची ओवी, जयंतीचा देखावा, चौकातला पुतळा हे सगळे एकाच प्रवाहाचे भाग आहेत. त्यांवर सुटे लेखन बरेच झाले. पण या कलेचा खर्च कोणी केला, तिला बोलावले कोणी, जेवू कोणी घातले आणि आठवणीत कोणी ठेवले, या अंगाने आढावा क्वचितच घेतला जातो. परभणी जिल्ह्यात बसून तो घेणे सोयीचे आहे, कारण इथे या प्रवाहाच्या बहुतेक धारा येऊन मिळाल्या आहेत.

जलशाची घडण

या कलेचे मूळ सत्यशोधक समाजात आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात समाजाची स्थापना केली आणि त्याचा विचार खेड्यांत नेण्यासाठी पुढच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा उचलला. ढोलकी, तुणतुणे, झीलकरी, गण, बतावणी आणि वग हे सगळे लोकांच्या ओळखीचे होते. त्या साच्यात शेतकऱ्याचे कर्ज, भटजीची दक्षिणा आणि मुलीचे शिक्षण हे विषय आले. लोकांना खेळ बघायला मिळाला आणि खेळातून हिशेबही कळला.

नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला. त्याच काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. लावणीचा शृंगार आणि नाचणारी स्त्री त्यांनी बाजूला ठेवली. स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. महारकीची वतनदारी, मेलेले ढोर ओढणे, पाणवठा, शाळा, दारू या गोष्टी फार्समधून मांडल्या जात. समोर बसलेल्या माणसाला आपलेच कालचे जगणे रंगमंचावर दिसे. आपली दहा भाषणे आणि एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब आंबेडकर म्हणाल्याचे शाहीर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कर्डकांनी उतारवयात 'आंबेडकरी जलसे: स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून त्या काळाची नोंद करून ठेवली. एका कलावंताने स्वतःच्या परंपरेचा इतिहास स्वतः लिहिला, ही घटना फार मोलाची आहे.

निजामाची हद्द आणि गोदाकाठ

परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे सभा-संमेलनांवर बंधने होती. तरीही मराठवाड्यातल्या अस्पृश्यांची मोठी परिषद ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळच्या मक्रणपूरला झाली, ती भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने. पुढे १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय निघाले आणि परभणी, नांदेड, बीडच्या खेड्यांतली मुले तिथल्या वसतिगृहात पोचली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक मिलिंदच्या मुलांनी केले. प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांचे साहित्य त्यांनी मराठीत चर्चेला आणले. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' याच शहरातून निघू लागले. छापील साहित्याची ही वाट सर्वांना ठाऊक आहे. तिच्या बरोबरीने एक न छापलेली वाट चालत होती, ती मात्र अभ्यासकांच्या नजरेत उशिरा आली.

ती वाट बायांची होती. हा जिल्हा गंगाखेडच्या जनाबाईचा. दळता-कांडता रचलेल्या शब्दाला इथे सातशे वर्षांचा मान आहे. पहाटे जात्याच्या खुंट्याला दोघी बसत. एकीने पहिली ओळ उचलायची, दुसरीने ती पुरी करायची. दाणे घालताना सूर किंचित मोडायचा आणि जाते पुन्हा वेगाने फिरू लागले की सावरायचा. आधी या ओव्यांत माहेर, भाऊ, सीता आणि पंढरी होती. मग बौद्ध वस्त्यांतल्या जात्यावर भीमराव म्हणजे बाबासाहेब आला, त्याची पत्नी रमाई आली, नागपूरची धम्मदीक्षा आली. बाबासाहेबाला भाऊ म्हणून, बाप म्हणून हाका मारल्या गेल्या. ना मंच, ना माईक, ना श्रोता. तरीही चळवळीचा विचार घरात मुरवण्याचे काम या ओवीने केले.

गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यात पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसचे आवाज आहेत आणि बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरचेही. 'पारी' या संकेतस्थळाने २०१७ पासून ते ध्वनिमुद्रण शब्दांसह लोकांसमोर ठेवले. पिठाची गिरणी गावोगाव आल्यावर जाते थांबले आणि ओवीचा कारखानाच बंद पडला. म्हणून हा संग्रह नसता, तर आज बोलायलाही काही उरले नसते.

वामनदादांचा मुक्काम

ओवी घरातली आणि जलसा गावातला; या दोन्हींना जोडणारा माणूस म्हणजे वामनदादा कर्डक. भीमराव कर्डक वेगळे, वामनदादा वेगळे. १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मलेले वामनदादा पोटासाठी मुंबईत आले आणि मोठेपणी अक्षरे शिकले. १९४३ पासून ते गाणी रचू लागले आणि २००४ मध्ये जाईपर्यंत थांबले नाहीत. मराठवाड्याची खेडी ही त्यांची कर्मभूमी होती. एका वस्तीतून निघायचे, दुसरीत मुक्काम करायचा, रात्री गायचे, सकाळी पोरांना चाल शिकवायची. त्यांच्या मुक्कामातून शिष्यांच्या फळ्या तयार झाल्या. दादू साळवे, मीरा उमप, प्रतापसिंग बोदडे अशी नावे सांगता येतात. त्यापलीकडे ज्यांची नावे तालुक्याबाहेर गेली नाहीत, असे कितीतरी गायक आहेत.

जलशाला दहा-पंधरा माणसांचा फड लागे. वामनदादांच्या काळात गायन पार्टी आली: पेटी, ढोलकी किंवा तबला, झांज, दिमडी आणि दोन-तीन कोरस. खर्च उतरला, तसा खेड्यांना कार्यक्रम परवडू लागला. बारसे, लग्न, गृहप्रवेश, पुण्यानुमोदन असा कुठलाही प्रसंग गाण्याविना राहिला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जुने विधी सोडलेल्या समाजाला नव्या विधींत भरायला सूर हवे होते. ते भीमगीतांनी दिले. पोथी, भारूड आणि जागरण यांची जागा रिकामी राहिली असती तर जुने परत आले असते. ती जागा गाण्याने धरून ठेवली, हे या कलेचे सर्वांत कमी सांगितले गेलेले यश आहे.

नामांतराची सोळा वर्षे

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बौद्धांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, लोक गाव सोडून निघाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत मोर्चे, लाँग मार्च आणि तुरुंगवास जेवढे झाले, तेवढीच गाणीही झाली.

या काळाचा शाहीर म्हणून आत्माराम साळवे यांचे नाव घ्यावेच लागते. जन्म १९५३, गाव माजलगाव परिसरातले, मृत्यू १९९१. नामविस्तार पाहायला ते राहिले नाहीत. पाथरीहून ढालेगावचा पूल ओलांडला की गोदावरीपलीकडे माजलगावचा मुलूख लागतो, त्यामुळे परभणीच्या वस्त्यांना ते परके कधी नव्हतेच. गाणे म्हटले म्हणून त्यांच्यावर पोलिसांनी गुन्हे दाखल केले. गाणे हा पुरावा ठरावा, इतके ते नेमके असे. जळालेल्या गावाचे नाव त्यात असे, माणसाचे नाव असे आणि आता काय करायचे तेही असे. वर्तमानपत्र न पोचणाऱ्या वस्तीत हे गाणेच बातमी होती.

मुंबईत ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटात चौदा वर्षांचा तो पट मांडला. पुढे संभाजी भगत आणि पुण्याचा कबीर कला मंच यांनी शाहिरीला नवे श्रोते मिळवून दिले. आणीबाणीच्या प्रसंगी शाहीर पुढे होतो आणि नंतरची किंमतही तोच मोजतो, हा अनुभव मुंबई, पुणे आणि मराठवाड्यात सारखाच आहे.

जयंतीची रात्र, जवळून

आता त्या व्यवस्थेकडे पाहू, जिच्यावर हे सारे उभे आहे. परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांत भीमजयंती १४ एप्रिलला सुरू होते आणि मे संपेपर्यंत चालते. कारण साधे आहे. सगळ्या गावांनी एकाच दिवशी कार्यक्रम ठेवला, तर गायन पार्ट्या पुरणार नाहीत. म्हणून गावे आपापसांत तारखा ठरवतात. मंडळाची पोरे घरटी वर्गणी फिरवतात. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांकडून, नोकरदारांकडून आणि ऊसतोडीहून परतलेल्यांकडून जमेल तसे पैसे येतात. पार्टीला इसार दिला की तारीख पक्की.

रात्री नऊला वंदना होते, मग गाणे सुरू होते. ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा समाजमंदिराचा ओटा हाच मंच. बाया एका अंगाला सतरंजीवर, पुढे लेकरे, मागे उभी माणसे. एखादा म्हातारा उठतो, दहा-वीसची नोट पेटीवर ठेवतो आणि कानात काही सांगतो. गायक गाणे थांबवून त्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि रक्कम माईकवर पुकारतो, मग त्याच कडव्याची पुन्हा सुरुवात करतो. शिकलेल्या माणसाला हा रसभंग वाटतो. मला तो या कलेचा कणा वाटतो. आयुष्यभर ज्याचे नाव तुच्छतेने घेतले गेले, त्याचे नाव इथे सन्मानाने घेतले जाते, आणि त्याच नोटांतून पार्टीची बिदागी पुरी होते. बारानंतर सामना रंगतो. एक गायिका सवाल टाकते, गायक जवाब देतो, आणि विषय असतो बुद्धाचा धम्म, संविधानाचे कलम किंवा रमाईचा त्याग. पहाटे पार्टी निघते तेव्हा एखाद्या घरी पिठले-भाकरी झालेली असते.

राजाश्रय गेला म्हणून कितीतरी कला गेल्या. या कलेला राजाश्रय कधी नव्हता. घरटी वर्गणीनेच ती जगली. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे.

जगातले सोबती

हे जगात एकट्या मराठवाड्यात घडले नाही. अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या मजुरांनी आणि तरुणांनी १९६० च्या दशकात स्वतःला अभिमानाने चिकानो म्हणवून घ्यायला सुरुवात केली आणि आपली कला स्वतः उभी केली. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेलानो भागात द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप झाला. त्यात लुईस वाल्डेझ यांनी 'एल तेआत्रो कांपेसिनो' ही नाटकमंडळी काढली. नट म्हणजे संपकरी मजूरच. गळ्यात पाटी अडकवायची, तिच्यावर भूमिकेचे नाव, मालक किंवा संपफोड्या. मालट्रकच्या पाठीवर उभे राहून मळ्याच्या कडेला प्रयोग करायचे. भीमराव कर्डकांचा फार्स आणि ही पाटी यांच्यात अंतर फक्त समुद्राचे आहे.

सॅन डिएगोच्या लोगन हाइट्स वस्तीच्या डोक्यावरून सरकारने मोठा पूल नेला. पुलाखाली बाग देतो म्हणून सांगितले आणि तिथे महामार्ग पोलिसांची चौकी बांधायला घेतली. २२ एप्रिल १९७० रोजी बाया-पोरांसह वस्तीने जागा धरली आणि बाग मिळवली. त्या पुलाच्या खांबांवर १९७३ पासून चित्रे रंगली: पूर्वज, मजूर, नेते, देवता. आज तो चिकानो पार्क अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, आणि दर एप्रिलमध्ये वस्ती तिथे आपला दिवस साजरा करते. लॉस एंजेलिसमध्ये ज्युडी बाका यांनी १९७६ पासून एका कालव्याच्या भिंतीवर सुमारे अर्धा मैल लांबीचे चित्र करून घेतले. वस्तीतली चारशेहून अधिक मुले त्यात राबली. चित्रांचे दालन आपल्याला आत घेत नाही, तर भिंत आपली, हा त्यांचा निर्णय होता.

आपल्याकडे ती भिंत म्हणजे चौकातला पुतळा आणि बुद्धविहार. निळा कोट, हाती संविधान, उंचावलेले बोट ही प्रतिमा गावोगाव कुठल्या कलाशाळेने रुजवली नाही. ती वर्गणी देणाऱ्या वस्त्यांनी रुजवली आणि मूर्तिकारांकडून घडवून घेतली. पूर्णेच्या बुद्धविहारातल्या धम्मपरिषदा असोत की गावातल्या पेंटरने रंगवलेली कमान असो, शिल्प, रंग आणि गाणे इथे एकत्रच नांदतात. परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि त्याच्यापुढे संविधानाची प्रतिकृती होती. १० डिसेंबर २०२४ रोजी तिची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी शहरात उद्रेक झाला, वस्त्यांत धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. जानेवारीत परभणीहून मुंबईकडे लाँग मार्च निघाला. पुतळा म्हणजे दगड, असे म्हणणाऱ्यांनी हे दिवस आठवावेत. वस्तीने स्वतःच्या पैशाने उभारलेल्या प्रतिमेवर घाव पडतो, तेव्हा तो तिच्या नागरिकत्वावर पडतो.

अभ्यास किती झाला

कृष्णा किरवले यांचे 'आंबेडकरी शाहिरी: एक शोध' हा पहिला मोठा टप्पा. शर्मिला रेगे यांनी जलसा, तमाशा आणि जात यांचा संबंध उलगडला. केशव वाघमारे यांनी मराठवाड्यातल्या शाहिरांच्या घरी जाऊन आत्माराम साळवे, दादू साळवे आणि मीरा उमप यांच्यावर लिहिले. पुरुषांच्या हातातली दिमडी आणि खंजिरी मीराबाईंनी हाती घेऊन गावोगाव गायले, हे त्यामुळे नोंदले गेले. एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात समाजमाध्यमांमुळे घराघरांत पोचल्या.

तरीही उणिवा मोठ्या आहेत. अभ्यास शाहिरापाशी थांबतो, साथीदारापर्यंत जात नाही. ढोलकीवाला, कोरसमधली बाई, चाल बसवणारा पेटीवाला यांच्या नोंदी नाहीत. जिल्हावार काम तर फारच थोडे. मातंग वस्त्यांत १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे यांच्या नावाने उभी राहणारी गाण्याची दुसरी मोठी परंपरा आणि भीमगीत यांचा एकत्र विचार होत नाही. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह अण्णा भाऊंनी लाल बावटा कलापथक चालवले, आणि दोन्ही प्रवाहांतले गायक आजही एकमेकांच्या मंचावर गातात. वस्त्यांना वेगळे करणाऱ्या राजकारणाला ढोलकीने अजून दाद दिलेली नाही.

पुढचा प्रश्न

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांचे आवाज रिक्षा-ट्रकांतून गावोगाव पोचले. फायदा मोठा झाला. पण शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफतो, ते कडवे वेळ वाचवण्यासाठी गळू लागले आणि गाणे बिनबापाचे झाले. आज यूट्यूबवर एकेक गीत लाखो वेळा ऐकले जाते. त्याचा कवी मात्र परभणीच्या एखाद्या वस्तीत मजुरी करीत असतो. दुसरीकडे जयंतीच्या वर्गणीतला मोठा वाटा डीजेकडे जाऊ लागला. डीजे तरुणांना नाचवतो, यात गैर काही नाही. पण रात्रभराचा सामना बंद पडला, तर प्रश्न विचारायला शिकवणारी एक शाळाच बंद पडेल.

सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे. तिला कलेचे पुरावे लागतात: प्रमाणपत्रे, कात्रणे, पत्रिका. ज्याचा मंच ट्रॉलीवर होता, त्याने पत्रिका कुठून आणायची? मंडळाचे पत्र आणि गावाची साक्ष हा पुरावा धरला गेला पाहिजे, कारण या कलेत गावच संस्था आहे.

सर्वांत निकडीचे काम वह्यांचे आहे. प्रत्येक गायकाकडे गाण्यांच्या वह्या असतात. दोनशे पानी, कडा झिजलेल्या, वर चालीची खूण, खाली कवीचे नाव आणि कुठल्या गावी गायले त्याची तारीख. गायक गेला की वह्या माळ्यावर जातात आणि पुढच्या पावसाळ्यात भिजतात. चिकानो कलावंतांच्या 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स' या छापखान्याची चित्रे आणि कागदपत्रे आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संग्रहात सुरक्षित आहेत. आपल्याकडेही हे काम विद्यापीठाला करता येईल. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये, नामविस्ताराच्या वर्षीच, स्थापन झाले. परभणी जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. मराठी आणि संगीत विभागांच्या विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी एकेक तालुका दिला, तरी गंगाखेड, पाथरी, जिंतूर, सेलू, मानवत, सोनपेठ, पालम, पूर्णा आणि परभणी असे नऊ तालुके काही वर्षांत पुरे होतील.

यात एक अट असावी. मूळ वही घरातच राहावी, प्रत विद्यापीठात जावी, दुसरी प्रत वस्तीच्या विहारातल्या वाचनालयात असावी आणि गाणे छापले, ध्वनिमुद्रित केले किंवा विकले तर कवीच्या घरी पैसे पोचावेत. नाहीतर वर्गणीने जगवलेली कला अभ्यासाच्या नावाखाली दुसऱ्याच्या मालकीची होईल. वस्तीच्या मुलामुलींनी हे काम स्वतः करावे. मोबाइल प्रत्येकाकडे आहे, आणि आजी-आजोबांचा आवाज टिपायला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त त्यांची लागते. ज्यांनी नव्वद वर्षे ही कला पोसली, तिच्या नोंदीवर पहिला हक्क त्यांचाच आहे, आणि तो त्यांनी आत्ता, हे गायक हयात असतानाच, बजावला पाहिजे.